सार्वजनिक आरोग्य आणि घराचा उंबरठा

सन १८९७ मधील पुण्याच्या प्लेगची हकीकत आपल्याकडे बहुधा गणेशखिंडीतील गोळीबाराची प्रस्तावना म्हणूनच सांगितली जाते. ते स्वाभाविकही आहे. परंतु ह्या व्याख्यानात आम्हांस त्या हकीकतीकडे निराळ्या बाजूने पाहावयाचे आहे. रोगी दवाखान्यात येईपर्यंत वाट न पाहता रोगच आधी अडवावयाचा, आणि त्यासाठी लोकांच्या घरापर्यंत जावयाचे, हा विचार सरकारी बळासह महाराष्ट्राच्या अंगणात उतरला तो ह्या प्लेगच्या निमित्ताने. उतरला तो असा, की पुढे कित्येक वर्षे सरकारी आरोग्याचा माणूस दिसला म्हणजे लोकांनी दाराला कडी घालावी.

साथीचा रोग काय, बाळंतघरातले अर्भकाचे मरण काय, किंवा नवऱ्याच्या हातची मारझोड काय, ह्या साऱ्यांचे राहण्याचे ठिकाण एकच, ते म्हणजे घर. घराच्या आत गेल्यावाचून त्यांचा प्रतिबंध होत नाही. मग आत कोणी जावयाचे, कोणत्या अधिकाराने, आणि घरच्या माणसांनी त्याला का येऊ द्यावे? गेल्या सव्वाशे वर्षांत महाराष्ट्राने ह्या प्रश्नाची जी उत्तरे देऊन पाहिली, त्यांपैकी काहींचा विचार येथे करू.

प्लेग प्रथम मुंबईच्या मांडवी भागात प्रकटला. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. शहरातून लोक हजारांनी बाहेर पडले आणि त्यांच्या मागोमाग रोगही बाहेर पडला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी हिंदुस्थान सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. कायदा अवघ्या चार कलमांचा. पण त्याने सरकारच्या हाती दिलेले अधिकार मात्र मोजता येऊ नयेत इतके. (ज्यांना ही फार जुनी गोष्ट वाटत असेल त्यांनी लक्षात ठेवावे, की मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत महाराष्ट्र सरकारने आधार घेतला तो ह्याच कायद्याचा.) पुण्याच्या प्लेग कमिटीचे प्रमुख म्हणून साताऱ्याचे असिस्टंट कलेक्टर वॉल्टर चार्ल्स रँड यांची नेमणूक झाली, आणि १३ मार्चपासून १९ मेपर्यंत, म्हणजे फाल्गुन ते वैशाख ह्या दिवसांत, गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या शहराच्या पेठापेठांतून घरे तपासू लागल्या.

तपासणी म्हणजे काय हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. तुकडी गल्लीत शिरली की घराचे दार उघडावयाचे. नाही उघडले तर ते फोडण्यात येई. मग सोपा, माजघर, स्वयंपाकघर, देवघर असा कोठलाही भेद नाही. संशयित रोगी सापडला की त्याची रवानगी प्लेगच्या इस्पितळात, घरच्या इतर माणसांची विलगीकरणाच्या छावणीत. घरातील जमीन उकरावयाची, भिंतींना चुना मारावयाचा, उजेड यावा म्हणून कौले काढावयाची, कपडे आणि अंथरुणे जाळावयाची. बायकांच्या काखा आणि जांघा तपासल्या जातात ही तक्रार तर घरोघर होती. प्लेगची गाठ तेथेच येते हे वैद्यकदृष्ट्या खरे. पण ती पाहण्याचा अधिकार बुटासकट माजघरात आलेल्या परक्या पुरुषाला कोणती बाई देईल?

तक्रार करणारे सगळे सनातनीच होते असेही नव्हे. पुण्याच्या प्लेग इस्पितळातील व्यवस्थेविरुद्ध पंडिता रमाबाईंनी मुंबईच्या एका इंग्रजी साप्ताहिकात पत्र लिहिले होते. गोपाळराव गोखल्यांनी सोजिरांच्या वर्तनाविषयीचे आरोप विलायतेत मांडले. पुरावा हाती देता आला नाही तेव्हा त्यांना जाहीर माफी मागावी लागली. टिळकांनी केसरीतून टीका केली. पण त्याबरोबरच पुण्यात राहून हिंदूंसाठी निराळे प्लेग इस्पितळ उभे करविले आणि गाव सोडून पळालेल्या पुढाऱ्यांनाही त्यांनी सोडले नाही. २२ जून रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. लेफ्टनंट आयर्स्ट त्याच रात्री मरण पावला, रँड ३ जुलै रोजी.

आता रँडसाहेबाच्या कमिटीचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. रोग भयंकर होता. पुढल्या पंचवीस-तीस वर्षांत त्याने देशभर एक कोटीहून अधिक माणसे नेली. पण ही सारी यातायात रोगाच्या मुळावर पडत होती काय? तेव्हा ते कोणालाच सांगता आले नसते. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत प्रयोग करून प्लेग उंदरावरच्या पिसवेने पसरतो असे दाखविले. त्यालाही लगेच कोणी मानले नाही. १९०५ पासून मुंबईत झालेल्या प्लेग कमिशनच्या संशोधनाने ते पक्के झाले. म्हणजे सोजीर माणसांच्या काखा तपासत होते तेव्हा रोग भिंतीच्या बिळात बसला होता. उलट, घरात उंदीर पडू लागले की घर सोडावे आणि शेतात झोपडी घालून राहावे, ही रीत लोकांनी आपल्या अनुभवाने धरली. आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीच्या आठवणींत ह्या झोपड्या ठिकठिकाणी आढळतात. शास्त्र तिला नव्हते, पण सोजिरांच्या तपासणीपेक्षा ती रोगाच्या अधिक जवळची होती.

तपासणीचा सर्वांत वाईट परिणाम मात्र निराळाच. लोक रोगी लपवू लागले. मृत्यू घडला तर रडणेसुद्धा आवरावे लागे. जो रोग उघड झाला असता तर शेजारी तरी सावध झाले असते, तो आता पडद्याआड गेला. प्रतिबंधाच्या नावाखाली आलेल्या बळाने रोगाला लपण्यास जागा करून दिली. ह्या गोष्टीकडे आम्हांस पुन्हा यावयाचे आहे.

ह्याच महिन्यात, ह्याच पुण्याच्या परिसरात, दुसराही एक उद्योग चालू होता. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र यशवंत हे डॉक्टर होते. हडपसरच्या बाजूला ससाणे यांच्या मळ्यात त्यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता आणि सावित्रीबाई स्वतः वस्त्यांत जाऊन रोगी आणीत. तेव्हा त्यांचे वय ६६ होते. मुंढव्याच्या दलित वस्तीतील एका मुलाला प्लेगची गाठ आल्याचे कळताच त्याला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या, आणि त्यातच त्यांना रोगाने गाठले. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. म्हणजे सोजिरांची तपासणी सुरू झाली त्याच्या तीन दिवस आधी. दोन्हीकडे काम वरवर एकच, रोगी घरातून काढून इस्पितळात नेणे. पण सोजीर ज्या दारावर लाथ मारी तेथे रोगी लपविला जाई, आणि सावित्रीबाईंच्या हाती आई-बाप आपले मूल देत. पन्नास वर्षे ज्या बाईने त्या वस्त्यांतील मुलामुलींना शिकविले, दुष्काळात जेवू घातले, तिला दार ठोठावण्याचा अधिकार कायद्याने दिलेला नव्हता. तो त्या पन्नास वर्षांनी दिलेला होता.

सरकारही पुढे शिकले, पण रक्त सांडल्यावर. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत मुसलमान विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला पाहावयास गेलेल्या प्लेगच्या पथकाला लोकांनी अडविले आणि दंगा पेटला. त्यानंतर हळूहळू सक्ती सैल झाली. त्या त्या समाजाने आपल्या माणसांसाठी चालविलेल्या इस्पितळांना वाव मिळाला, तपासणीत वस्तीतील प्रतिष्ठित माणसांना बरोबर घेण्याचा प्रघात वाढला. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली होती, तरी लोक तिला भीत. तेव्हा आगाखानांनी आपल्या अनुयायांसमक्ष ती टोचून घेतली आणि खोजा समाजाची भीती पुष्कळ कमी झाली. परक्याच्या हातातील सुई आणि आपल्या माणसाच्या दंडावरील सुई ह्यांत लोक किती फरक करतात हे त्यावरून दिसले.

मधली पन्नास-पाऊणशे वर्षे आम्ही झपाट्याने ओलांडतो. देवीची टोचणी, सेवासदनासारख्या संस्थांनी तयार केलेल्या परिचारिका, स्वातंत्र्यानंतर १९५३ पासून मलेरियाविरुद्ध घरोघर झालेली डी. डी. टी.ची फवारणी, ही सारी त्याच वाटेवरची ठिकाणे. फवारणीवाले भिंतीवर तारीख घालून जात आणि बायका दुसऱ्या दिवशी भिंत सारवून टाकीत. त्यात विरोध नव्हता; भिंत सारवलेली असावी एवढेच. सारवू नका असे सांगण्यास मात्र कोणी थांबलेले नसे!

पण १८९७ चा धडा देश विसरला नव्हता असे म्हणावे, तर आणीबाणी आड येते. १९७६ साली बार्शीसारख्या गावांत माणसांना धरून नेऊन नसबंदी केल्याची प्रकरणे झाली. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते कायदा झाले नाही. कुटुंबनियोजन ही गोष्ट मुळात बाईच्या जिवाच्या हिताची. तिच्यामागे पोलीस आणि लक्ष्यांकाचा आकडा उभा राहिल्याबरोबर तिला पाहून माणसे उसात लपू लागली. पुढे कितीतरी वर्षे लसटोचणीस आलेल्या नर्सबाईलासुद्धा, ही दुसऱ्याच कशासाठी तर आली नाही ना, ह्या संशयाला तोंड द्यावे लागले.

ह्या जुलमाच्या काही वर्षे आधीच, अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यात एक निराळा प्रयोग सुरू झालेला होता. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपे वेल्लोरला शिकून, पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून, १९७० मध्ये जामखेडला आले. प्रारंभी त्यांनी कोणीही केले असते तेच केले, म्हणजे शिकलेल्या नर्सबाया खेड्यांत पाठविल्या. त्या खेड्यांत रमेनात, आणि खेडेही त्यांच्याशी मोकळे होईना. तेव्हा आरोळ्यांनी गावालाच आपली बाई निवडून देण्यास सांगितले. निवडून आल्या त्या पुष्कळशा निरक्षर. कोणी विधवा, कोणी टाकलेली, कितीएक दलित. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, दोन दिवस राहत, एकत्र जेवत, एकत्र निजत आणि शिकत. मग गावी परत.

वाचणाऱ्यांना ही केवळ काटकसर वाटेल. स्वस्तातली नर्स! तसे नव्हे. गरोदर बाईने बेताने खावे, म्हणजे मूल लहान राहते आणि सुटका सोपी होते, ही समजूत त्या भागात घरोघर होती. डॉक्टराने ती खोडून काढली असती तर सासूने मान डोलावली असती आणि सुनेच्या ताटात भाकरी तेवढीच वाढली असती. पण हीच गोष्ट सांगणारी बाई स्वतः चार बाळंतपणे काढलेली, त्याच आळीतली, सासूच्या बरोबरीची असली म्हणजे वाद चुलीपाशी होतो, आणि चुलीपाशीच तो सुटतो. पाण्याच्या बाबतीतही आरोळ्यांनी असाच मर्मावर बोट ठेवणारा उपाय केला. १९७२ च्या दुष्काळात कूपनलिका घेताना जागा दलित वस्तीत काढावयाची. पाणी हवे तर साऱ्या गावाने तेथे यावे. जंतू जातीचा विचार करीत नाहीत हे गावाला व्याख्यानाने पटले नसते, ते हापशाने पटू लागले. पहिल्या पाच-सहा वर्षांतच ह्या गावांतील अर्भकमृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली उतरले. १९७८ मध्ये आल्मा-आता येथे जगातील राष्ट्रांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा केला, तेव्हा ज्या थोड्या जागांकडे बोट दाखवीत त्यांत जामखेड होते. १९७९ साली ह्या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जामखेडचे शास्त्र साधे होते. ते अधिक काटेकोर झाले गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था तेथे काढली. त्यांच्या कामाचा एक विशेष आम्हांस फार मोलाचा वाटतो: प्रथम विचारावयाचे, मोजावयाचे, आणि मगच उपाय सुचवावयाचा. राणी बंग यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली तेव्हा शेकडा ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्यांपैकी आधी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या शेकडा ८. हा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात छापला गेला. एवढे दुखणे घरांत होते आणि कोणत्याही सरकारी कागदावर त्याची नोंद नव्हती. येथे सोजिरांची आठवण होते. त्यांनीही बायकांचीच तपासणी केली होती. पण ह्या खेड्यांतील स्त्रिया आपण होऊन आल्या. गावाने होकार दिला होता आणि तपासणारी बाईच होती.

आदिवासींना इस्पितळ कसे हवे हेही विचारले गेले. त्यावरून शोधग्रामचे इस्पितळ झोपड्यांच्या पाड्यासारखे झाले, नातेवाइकांना रोग्याजवळ राहता येईल असे, आणि नाव पडले ‘माँ दंतेश्वरी दवाखाना’. १८९७ मध्ये रोगी एकीकडे आणि घरची माणसे दुसरीकडे नेली गेली होती, हे ज्यांना आठवेल त्यांना ह्या झोपड्यांची किंमत कळेल.

पुढचा प्रश्न नवजात अर्भकांचा. मूल जन्मल्यापासून २८ दिवसांच्या आत मरण्याचे प्रमाण ह्या खेड्यांत हजारी ६२ होते. बाळंतपणे घरी, खोली अंधारी, इस्पितळ दूर, आणि बाळाला बाहेर काढावयाचे नाही अशी रीत. तेव्हा १९९५ पासून ३९ गावांत, चार बुके शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकविण्यात आले. बाळाचे वजन घेणे, ते उबदार ठेवणे, अंगावर पाजण्यास मदत करणे, श्वास अडकलेल्या बाळाला श्वास देणे, जंतुदोष ओळखणे, आणि आईबापांच्या संमतीने प्रतिजैविकाचे इंजेक्शनसुद्धा देणे! डॉक्टरी व्यवसायातील पुष्कळांच्या भुवया ह्या शेवटच्या गोष्टीवर उंचावल्या. तिसऱ्या वर्षाअखेर ह्या गावांतील प्रमाण हजारी २५.५ वर आले होते, आणि तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत ते ५९.६ होते. १९९९ च्या डिसेंबरात हेही ‘लॅन्सेट’ने छापले.

त्याआधीच बालन्यूमोनियासाठी येथे एक साधन केलेले होते. एक मिनिटाची वाळूची घडी, आणि शेजारी तारेवर मणी. निरक्षर सुईणीने बाळाच्या पोटाकडे पाहून दहा श्वास मोजावयाचे आणि एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्याच्या आत तांबड्या मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया. आकडे मांडण्यापुरते ज्ञानही जिच्यापाशी नव्हते तिच्या हाती निदान आले. आम्हांस एखाद्या मोठ्या इस्पितळाच्या इमारतीपेक्षा हे यंत्र अधिक आदराचे वाटते.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने गावोगाव ‘आशा’ नेमल्या आणि २०११ पासून घरी जाऊन नवजात बाळ पाहण्याचा कार्यक्रम देशभर सुरू झाला, तो ह्या वाटेने. २०२० च्या साथीत पोलिसांची काठी आणि १८९७ चा कायदा दोन्ही होते. परंतु सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ह्या मोहिमेत घराघरांत तापमान आणि रक्तातील प्राणवायू मोजीत फिरल्या त्या पुष्कळशा ह्याच आशाताई. कोठे त्यांना दारातूनच परत लावले, कोठे शिव्याही मिळाल्या. मानधनाचे म्हणाल, तर ते त्यांनी अनेकदा संप करूनच वाढवून घेतले. ज्या बाईच्या ओळखीवर सारी इमारत उभी, तिलाच सर्वांत कमी देण्याची सरकारी रीत आम्हांस लाजिरवाणी वाटते.

आता मारझोडीकडे वळू. रोग आणि हिंसा ह्यांची गाठ आम्ही ओढूनताणून घालीत नाही. ती खेड्यांतील बायकांनीच घातली. १९७२ नंतर धुळे जिल्ह्यातील शहादा भागात (आता तो नंदुरबार जिल्ह्यात आहे) अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांच्या चळवळीत भिल्ल स्त्रियांची शिबिरे झाली. विषय जमिनीचे आणि मजुरीचे. बायकांनी बोलावयास सुरुवात केली ती दारू आणि मार ह्यांविषयी. शिबिरातून उठून त्या गुत्त्यांवर गेल्या, मडकी फोडली, आणि बायकोला मारणाऱ्यांना चारचौघांत जाब विचारू लागल्या. गडचिरोलीतही तसेच झाले. आरोग्याचे काम करावयास आलेल्या डॉक्टरांना गावांनी दारू हाच आपला मोठा रोग सांगितला. १९८८ च्या सुमारास दारूमुक्तीचे आंदोलन उभे राहिले, गावागावांनी ठराव केले, आणि १९९३ मध्ये त्या जिल्ह्यात दारूबंदी झाली. शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली.

दारूचे दुकान बंद करण्यासाठी गावाने मत द्यावे अशी तरतूदही महाराष्ट्राने केली. मतपत्रिकेवर दोन चित्रे, एक उभी बाटली, एक आडवी बाटली. एकूण स्त्री-मतदारांच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांनी आडवी बाटली निवडली तर दुकान बंद. अट कडक आहे. झालेल्या मतांच्या नव्हे, यादीवरील साऱ्या नावांच्या निम्म्याहून अधिक मते हवीत. जी मजुरीला गेली, जिला नवऱ्याने घराबाहेर पडू दिले नाही, तिचे न पडलेले मत दुकानाच्या बाजूने धरले जाते. तरीही अनेक गावांनी बाटली आडवी केली.

परंतु येथपर्यंत आल्यावर आमच्या विवेचनाची सोयीची बाजू संपते. रोगाच्या बाबतीत गावातील, ओळखीचा माणूस आत जाणे पुरते. कारण बाळ जगावे असे घरातील प्रत्येकास वाटते. मारझोडीत घरातल्या एका माणसाचे हित दुसऱ्याच्या विरुद्ध असते. तेथे ‘आपला माणूस’ म्हणजे कोणाचा? १५ ऑगस्ट २००७ पासून महाराष्ट्रात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावाच्या समितीने तंटे समजुतीने मिटवावयाचे, आणि तंटामुक्त ठरलेल्या गावास बक्षीस. बांधाचा, पाटाच्या पाण्याचा, सामाईक भिंतीचा तंटा ह्या रीतीने मिटला तर त्याहून चांगले काय? कोर्टाचे हेलपाटे वाचले. पण बायकोला मारण्याचा ‘तंटा’ मिटविणे म्हणजे बहुधा बाईची समजूत घालून तिला पुन्हा त्याच घरात धाडणे. समितीत तिच्या सासऱ्याचे स्नेही, नवऱ्याचे भाऊबंद. आणि तिची तक्रार नोंदली गेली तर गावाचे बक्षीस हुकण्याची भीती. १८९७ मध्ये सरकारच्या भयाने घराने रोग लपविला होता. येथे बक्षिसाच्या आशेने गाव घरातील मार लपवू शकते. आम्ही ह्या मोहिमेस मुळात वाईट म्हणत नाही. मात्र मारझोड हा तंटा नव्हे, आणि त्यात समेट हा शब्द वापरण्यापूर्वी बाईला एकटीला विचारले पाहिजे, हे आमचे स्पष्ट मत आहे.

घरातील हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा कायदा २००५ मध्ये झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्याने संरक्षण अधिकारी नेमले, घरात राहण्याचा हक्क सांगितला. पण अधिकारी तालुक्याला आणि बाई माजघरात. तिने तेथवर जावयाचे कसे? नवऱ्याला सांगून का?

ह्या अडचणीवर मुंबईत एक वाट निघाली. २००० साली मुंबई महानगरपालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी मिळून वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ नावाचे केंद्र उघडले. त्यामागील विचार घराच्या दृष्टीने उलटा आहे. येथे कोणी आत जावयाचे नाही. बाई ज्या निमित्ताने कोणाची परवानगी न घेता, निदान कोणाचा संशय न ओढवता, घराबाहेर पडू शकते ते निमित्त धरावयाचे. ते म्हणजे आजारपण. पोलीस चौकीची पायरी चढणे ही घराविरुद्ध पुकारलेली लढाई, पण दवाखान्याच्या रांगेत उभे राहण्यास कोणी काही म्हणत नाही. तेथे केसपेपर काढणाऱ्या, ड्रेसिंग करणाऱ्या नर्सबायांना आणि डॉक्टरांना शिकविण्यात आले, की जिन्यावरून पडल्याची जखम कोठे होते आणि मारल्याची कोठे. वारंवार येणारी डोकेदुखी, विष घेऊन आलेली तरुण बाई, गरोदरपणात पोटाला झालेली इजा, ह्यांच्याकडे केवळ औषधाच्या चिठ्ठीने पाहावयाचे नाही. संशय आला तर बरोबर आलेल्या नवऱ्याला किंवा सासूला, तपासावयाचे आहे म्हणून बाहेर बसवावयाचे, पडदा ओढावयाचा आणि मग विचारावयाचे. तिने सांगितले तर त्याच इमारतीत, काही पावलांवर, समुपदेशक बाई बसलेली असते. नाही सांगितले तर जबरी करावयाची नाही. दिलासाची खोली कोठे आहे एवढे दाखवून ठेवावयाचे. पुष्कळ बायका पहिल्या खेपेस मान हलवतात आणि निघून जातात. दुसऱ्या खेपेस, तिसऱ्या खेपेस, कधी वर्षाने, त्यांतील एखादी खोकल्याच्या औषधाचा कागद हातात धरून त्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहते.